धक्क्यावरचा दिवा

इंदूरच्या तुकोगंज भागात राहणाऱ्या एका मराठी वाचकाने आम्हांस पत्र लिहून दोन प्रश्न विचारले आहेत. गोव्याच्या सहलीत त्यांनी आग्वादचा किल्ला पाहिला, त्यावरील जुने दीपगृह पाहिले, आणि घरी परतल्यावर त्यांच्या मनात शंका उभी राहिली. आकाशातील उपग्रह जर प्रत्येक जहाजाला त्याचे ठिकाण बिनचूक सांगू लागले आहेत, तर किनाऱ्यावर दिवे जाळीत बसण्याचे प्रयोजन काय, हा त्यांचा पहिला प्रश्न. आणि प्रयोजन असलेच, तरी ज्यांच्या गावापासून समुद्र शेकडो मैल दूर आहे त्यांनी या दिव्यांची चिंता का वाहावी, हा दुसरा. पत्राचा सूर खोडसाळ नाही, जिज्ञासेचा आहे. शिवाय जे प्रश्न माळव्यातील माणसाला पडले ते गोमंतकातील, रत्नागिरीतील वा मुंबईतील माणसाला पडत नाहीत असेही नाही. तो ते उघडपणे विचारीत नाही, एवढेच. म्हणून त्यांचा जाहीर परामर्श घेणे आम्हांस उचित वाटते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देऊ, कारण इतिहासाने ते केव्हाच देऊन ठेवले आहे. माळवा आणि समुद्र यांचे नाते आजचे नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात माळव्याची अफू हा पश्चिम किनाऱ्यावरील व्यापाराचा एक मोठा आधार होता. इंग्रजांची नजर चुकवून हा माल पोर्तुगीजांच्या दमण बंदरातून चीनकडे रवाना होई. तो ओघ आपल्याकडे वळविण्यासाठी कंपनी सरकारने १८३१ च्या सुमारास परवाना-शुल्क घेऊन ही अफू मुंबईमार्गे जाऊ देण्याचे धोरण स्वीकारले. पुढे १८४३ मध्ये सिंध इंग्रजांच्या हाती गेला आणि त्या प्रांतातून दमणकडे जाणारी वाट आटली. मुंबई बंदराच्या भरभराटीला जो पैसा लागला त्यातला बराचसा अशा रीतीने माळव्याच्या काळ्या मातीतून आला. तो व्यापार अभिमान बाळगण्याजोगा खासच नव्हता. चीनमधील असंख्य संसारांच्या राखरांगोळीवर तो उभा होता. परंतु इंदुरात परवाना घेतलेली पेटी मुंबईत जहाजावर चढे, तेव्हा ते जहाज सुखरूप बाहेर पडावे म्हणून कुलाब्याच्या टोकावर दिवा जळत असे, ही वस्तुस्थिती आहे.

आज अफूच्या पेट्या गेल्या. त्यांच्या जागी खाद्यतेल, यंत्रांचे भाग, औषधांचा कच्चा माल आणि शेकडो जिन्नस आले. हे सर्व परदेशातून येते ते कोणत्या ना कोणत्या बंदरातूनच येते. बंदरात शिरणाऱ्या जहाजाकडून दिव्यांसाठी पट्टी घेण्याची रीत फार जुनी आहे आणि ती आपल्याकडेही कायद्याने चालू आहे. दीपगृहांचा खर्च सामान्य करांतून नव्हे, तर जहाजांनी भरलेल्या या शुल्कातून चालतो. जहाज ते भाड्यात घालते, व्यापारी ते किमतीत घालतो, आणि गिऱ्हाईक ते न कळत चुकते करते. तेव्हा तुकोगंजातील गृहस्थ दिव्याचे पैसे आजही भरीत आहेत. पावती तेवढी त्यांना मिळत नाही. उलट लहान होडीतून मासेमारी करणाऱ्या आमच्या खारव्याला हे शुल्क द्यावे लागत नाही. दूरच्या नगरवासीयाने द्यावे आणि अंधारात घरी परतणाऱ्या अनोळखी माणसाला वाट दिसावी, अशी ही व्यवस्था आहे. आमच्या मते तिच्याइतकी सभ्य व्यवस्था मानवाने क्वचितच निर्माण केली असेल.

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. त्यासाठी आग्वादचीच गोष्ट पाहणे सोयीचे, कारण या एका डोंगरावर दिव्याचा गौरव आणि दिव्याची उपेक्षा अशा दोन्ही गोष्टी वाचता येतात. मांडवीच्या मुखाच्या उत्तर अंगाला असलेला हा किल्ला पोर्तुगिजांनी १६१२ साली पुरा केला. डचांच्या आरमाराची धास्ती हे त्याचे मुख्य कारण. येथे गोड्या पाण्याचा झरा होता, त्यावरूनच त्याला नाव पडले. किल्ल्यातील टाक्यात तेवीस लाख गॅलनांहून अधिक पाणी मावत असे आणि लांब पल्ल्याची जहाजे येथे पाणी भरून घेत. जहाजांच्या वाटेवर दोनशे वर्षांहून अधिक काळ तोफा, पाणी आणि तटबंदी यांची एवढी सिद्धता असलेल्या या ठिकाणी आजचे जुने चार मजली दीपगृह उभे राहिले ते १८६४ मध्ये. तोफा आधी आल्या, दिवा मागाहून आला. राज्यकर्त्यांच्या मनातील अग्रक्रम येथे दगडात कोरलेला आहे.

या किल्ल्यावर एक घंटाही होती. जुन्या गोव्यातील ऑगस्टिनियन संन्याशांचा प्रचंड मठ १८३५ नंतर ओस पडला आणि त्याचे छत कोसळले. त्या मठाची घंटा आग्वादवर आणून दिव्याच्या जागी टांगण्यात आली होती. १८७१ साली ती पणजीच्या चर्चमध्ये नेण्यात आली आणि आजही पणजीकर तिचा नाद ऐकतात. प्रकाश आणि नाद ही समुद्रावरील सावधानतेची दोन जुनी साधने. पावसाच्या धारांनी किंवा धुक्याने दिवा झाकला की कानांनी डोळ्यांचे काम करावयाचे, हा जगभरच्या बंदरांचा प्रघात. जुन्या दीपगृहाने शंभर वर्षांहून अधिक काळ सेवा करून १९७६ मध्ये निवृत्ती घेतली आणि त्याच्या शेजारच्या नव्या मनोऱ्याकडे काम आले.

पण आग्वाद म्हटले की गोमंतकीयाला आधी दिवा आठवत नाही, तुरुंग आठवतो. किल्ल्याच्या खालच्या अंगाला, अगदी पाण्याच्या काठाशी, पोर्तुगीज राजवटीचे कारागृह होते. १९४६ साली डॉ. राममनोहर लोहिया यांना दुसऱ्यांदा पकडल्यावर येथेच डांबण्यात आले. त्याच वर्षी त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांना येथील कोठडीत ठेवून पुढे लष्करी न्यायासनासमोर उभे करण्यात आले आणि आठ वर्षांची शिक्षा देऊन पोर्तुगालमधील पेनिशेच्या किल्ल्यात पाठविण्यात आले. त्यांच्यामागून किती सत्याग्रही या भिंतींआड आले त्याची आठवण अनेक घरांत जिवंत आहे. त्या सर्व काळात डोंगरावर हेच जुने दीपगृह उभे होते. परक्या जहाजाला वाट दाखविणारा दिवा वर आणि आपल्याच भूमीत वाट अडविलेली माणसे खाली! दिव्याखाली अंधार ही म्हण एवढ्या शब्दशः क्वचितच खरी ठरली असेल. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, पुढे हे कारागृहही येथून हलले आणि डिसेंबर २०२१ मध्ये त्याचे स्मारक-संग्रहालयात रूपांतर झाले, हे योग्यच झाले.

दीपगृहालाही आता असेच स्मारकाचे भाग्य येऊ घातले आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये देशातील पहिला दीपगृह महोत्सव याच आग्वादवर भरला. फेब्रुवारी २०२४ मध्ये देशातील ७५ दीपगृहे पर्यटनस्थळे म्हणून राष्ट्राला अर्पण करण्यात आली. जुन्या वास्तूंकडे लोकांची पावले वळावीत, मुलांनी भिंगे पाहावीत, गोलाकार जिना चढून समुद्राचे दर्शन घ्यावे, यात आक्षेपार्ह असे काहीच नाही. वास्तू पाहणाऱ्यालाच तिची किंमत कळते. परंतु ज्या वस्तूचा उत्सव होतो तिचे काम संपले असावे, असा एक समज आपल्याकडे नकळत रुजतो. तुकोगंजच्या वाचकांना पडलेला प्रश्न हे त्या समजाचेच फळ आहे. म्हणून दिवा नेमके काय काम करतो ते पाहिले पाहिजे.

पृथ्वी गोल आहे, हे दीपगृहाच्या उंचीचे साधे कारण. पंचवीस मीटर उंचीवरचा दिवा पाण्याच्या पातळीवरील डोळ्याला सुमारे दहा सागरी मैलांवरून दिसू लागतो. त्याची उंची चौपट केली तरी हे अंतर दुप्पटच होते. म्हणूनच मनोरे डोंगराच्या माथ्यावर बांधतात. निसर्गाने दिलेली उंची फुकट मिळते. ज्योत लहान असली तरी तिचा प्रकाश वाया जाऊ नये म्हणून ऑगुस्तँ फ्रेनेल या फ्रेंच शास्त्रज्ञाने काचेच्या लोलकांची वलये रचून भिंग तयार केले आणि १८२३ मध्ये ते फ्रान्सच्या कोर्दुआन दीपगृहात बसविले. चोहीकडे सांडणारा प्रकाश एका पट्ट्यात गोळा करून क्षितिजाकडे फेकण्याची ही युक्ती पुढे साऱ्या जगाने उचलली. आणखी एक खुबी अशी की प्रत्येक दिव्याची चमकण्याची लय निराळी असते. किती सेकंदांनी किती चमका, हे नाविकांच्या पुस्तकात नोंदलेले असते. त्यामुळे सुकाणू धरणारा माणूस घड्याळ लावून अंधारातच सांगू शकतो, की हा अमुक दिवा, हे तमुक गाव.

मात्र हा झाला मोठ्या दिव्याचा महिमा. मोठा दिवा गाव दाखवितो. दार दाखवितो तो धक्क्यावरचा लहान दिवा. धक्क्याच्या किंवा लाटा अडविणाऱ्या बांधाच्या टोकाला एका खांबावर बसविलेल्या या दिव्याचे चित्र कोणी काढीत नाही आणि त्याच्यासमोर उभे राहून कोणी छायाचित्रही घेत नाही. त्याचा प्रकाश दोन-चार मैलांपलीकडे जावा अशी अपेक्षाही नसते. पण त्याला रंग असतो आणि त्या रंगाला अर्थ असतो. भारतात व जगाच्या मोठ्या भागात, समुद्राकडून बंदरात शिरताना डाव्या हाताला तांबडा आणि उजव्या हाताला हिरवा, असा नियम आहे. अमेरिका खंड, जपान आणि आणखी काही देशांत तो याच्या उलट. जगात पूर्वी अशा तीसहून अधिक पद्धती प्रचलित होत्या. १९८० साली टोकियोतील परिषदेत त्यांची ही दोनांत आटोपशीर मांडणी झाली. काही ठिकाणी दोन दिवे एकामागे एक असे लावतात, पुढचा ठेंगणा व मागचा उंच. दोन्ही एकाच उभ्या रेषेत दिसले की होडी खोल पाण्यात आहे असे समजावे. एक दिवा बाजूला सरकला की सुकाणू वळवावे. अक्षरशत्रू तांडेलालाही समजावी अशी ही भाषा आहे.

या भाषेची गरज आमच्या नद्यांच्या मुखांशी अधिकच आहे. मांडवीच्या तोंडाशी वाळूचा दांडा साचतो. पावसाळ्यात लाटा त्यावर फुटू लागल्या की ती वाट धोक्याची होते. म्हणूनच पावसाळ्यात खनिजाच्या बार्जी कुंभारजुवेच्या कालव्याने जुवारीकडे वळत आणि मुरगावचे बंदर गाठीत. त्या बंदराला लाटरोधक बांधाचे कवच आहे. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज तहानंतर तेथे बंदराची व रेल्वेची उभारणी झाली, ती बाराही महिने जहाजे लागावीत या हिशोबानेच. समुद्रावरचा प्रवास हा असा आहे: हजार मैल मोकळे पाणी निर्धास्तपणे कापून आलेली नौका शेवटच्या दोनशे हातांत फुटते. मोकळा समुद्र सहसा बुडवीत नाही. बुडवितो तो किनारा.

याचे दाखले शोधायला दूर जावयास नको. ६ जून २००० रोजी 'रिव्हर प्रिन्सेस' ही जहाजनौका पावसाळी वादळात आग्वादच्या कुशीत, कांदोळीच्या किनाऱ्याला लागली. ती तेथून हलवायला २०१२ साल उजाडले. बारा वर्षे ती वाळूत रुतून राहिली आणि बारा वर्षे ती कोणी काढावयाची यावर वाद चालला. जुलै २०१७ मध्ये मांडवीत शिरू पाहणारी एक कॅसिनो नौका मिरामारच्या वाळूवर चढली. या दोन्ही वेळा दिवा नव्हता म्हणून अपघात झाला, असे आमचे मुळीच म्हणणे नाही. वादळ, वाळू आणि मानवी निर्णय यांपुढे दिवा कित्येकदा असहाय असतो.

ही असहायता ज्या दुर्घटनेने साऱ्या कोकणाच्या काळजावर कोरली, ती 'रामदास' बोटीची. १७ जुलै १९४७ रोजी, स्वातंत्र्य अवघ्या महिन्यावर आले असताना, मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ही बोट वादळात सापडून बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे प्राणांस मुकली. गटारी अमावास्येला घरी निघालेले ते चाकरमानी होते. ज्या मुंबई बंदराच्या परिसरात हे घडले तेथे दिव्यांची वाण नव्हती. शिवछत्रपतींनी १६७९ मध्ये इंग्रजांशी झुंज देऊन तटबंदी केलेल्या खांदेरी बेटावर १८६७ पासून दीपगृह होते. कुलाब्याच्या दक्षिणेस प्रोंग्जच्या खडकावर १८७५ पासून उंच मनोरा होता. मोठ्या जहाजांसाठी बंदर उत्तम सज्ज होते. उणीव होती ती लहान बोटीच्या, गरीब उतारूच्या, थोड्या मैलांच्या प्रवासाची तितकीच निगराणी करण्याची. 'रामदास'ने आम्हांस शिकविले ते हे, की बंदराची प्रतिष्ठा त्याच्या उंच मनोऱ्यावरून नव्हे, तर त्याच्या सर्वांत लहान धक्क्यावरून मोजावयाची असते.

आणि नेमके येथेच आमचा कायदा व कारभार यांचे पाऊल अडखळते. १९२७ च्या दीपगृह कायद्याने दिव्यांचे दोन वर्ग केले: एक 'सर्वसाधारण', ज्यांची जबाबदारी केंद्र सरकारची, आणि दुसरा 'स्थानिक', ज्यांची जबाबदारी त्या त्या बंदराच्या वा स्थानिक सत्तेची. २०२१ मध्ये या जुन्या कायद्याच्या जागी सागरी मार्गदर्शक साधनांचा नवा कायदा आला. त्याने उपग्रहाधारित आणि रेडिओ साधनांचा विचार केला, निवडक मनोऱ्यांना वारसा दीपगृह म्हणून घोषित करण्याची तरतूद केली. हे स्वागतार्ह आहे. पण मोठा दिवा दिल्लीचा आणि लहान दिवा गावचा, ही मूळ विभागणी मोडलेली नाही. विभागणीला आमची हरकत नाही. हरकत आहे ती गावच्या दिव्याला धनी एक नसून अनेक असण्याला.

गोव्याचेच उदाहरण घ्या. मुरगावच्या मोठ्या बंदराचा कारभार बंदर प्राधिकरणाकडे. लहान बंदरे व नदीतील वाहतूक राज्याच्या बंदर कप्तान खात्याकडे. मालीम, कुटबण यांसारख्या मासेमारीच्या धक्क्यांचा संबंध मत्स्योद्योग खात्याशी. २०१६ च्या कायद्याने मांडवी, जुवारी आणि कुंभारजुवेचा कालवा हे राष्ट्रीय जलमार्ग ठरले, म्हणून अंतर्गत जलमार्ग प्राधिकरणाचाही त्यांवर हात. आणि डोंगरावरचे दीपगृह केंद्राच्या दीपगृह महासंचालनालयाकडे. एका रात्री एका होडीने समुद्रातून नदीत शिरून धक्क्याला लागावयाचे, एवढ्या वाटेत इतक्या सत्तांच्या हद्दी! प्रत्येक खाते आपापल्या परीने झटत असेल. आम्ही कोणावर आळ घेत नाही. परंतु अमुक टोकावरचा दिवा विझला तर कोणी, किती तासांत आणि कोणाला सांगावयाचे, हे होडीतील माणसाला ठाऊक नसेल, तर ती व्यवस्था कागदावर कितीही पूर्ण असो, पाण्यावर अपुरीच होय.

येथे तंत्रज्ञानाने एक गमतीदार उलटापालट केली आहे. पूर्वी दिवा महाग होता आणि माणूस स्वस्त. तेल लागे, वाती लागत, काजळी पुसावी लागे, फिरत्या भिंगाच्या यंत्राला चावी द्यावी लागे. म्हणून दिव्यापाशी रखवालदार राही आणि तो तेथे असल्यामुळेच दिवा विझला तर त्याच क्षणी कोणाला तरी कळे. आता सूर्याच्या उन्हावर भारित होणारी बॅटरी आणि चिमुकले विजेचे दिवे आले. दिवा स्वस्त झाला. त्याच्याकडे जाऊन काच पुसणारा, खारट हवेने गंजलेली तार बदलणारा माणूस महाग वाटू लागला. परिणामी दिव्याजवळ कोणी उरलेच नाही. विझलेल्या दिव्याची बातमी आता देतो तो एखादा परतणारा तांडेल, आणि तीही सुखरूप परतला तरच.

दुसरे संकट अंधाराचे नसून उजेडाचे आहे. मांडवीच्या दोन्ही काठांवर, पुलांवर, नदीत नांगरलेल्या कॅसिनो नौकांवर रात्री जो रंगीबेरंगी लखलखाट असतो तो पर्यटकाला रम्य वाटतो. पण त्या गर्दीत तांबडा म्हणजे डावीकडचा आणि हिरवा म्हणजे उजवीकडचा, ही साधी भाषा ऐकू यावी कशी? जाहिरातीचा तांबडा आणि धक्क्याचा तांबडा यांत दुरून भेद करता येत नाही. जो उजेड स्वतःकडे पाहा म्हणतो आणि जो उजेड वाटेकडे पाहा म्हणतो, त्यांच्यात पहिल्याचा विजय होऊ देणे हे बंदराच्या धर्माला सोडून आहे. जलमार्गाच्या काठावर रोषणाईला परवानगी देताना बंदर अधिकाऱ्याचे मत घेतलेच पाहिजे, आणि ते मत रुचले नाही म्हणून बाजूला सारता कामा नये.

यावर पत्रलेखकांचा मूळ आक्षेप उभा राहतोच: उपग्रह आहेत ना? आहेत, आणि त्यांचे उपकार मोठे आहेत. आपल्या देशाने 'नाविक' या नावाची स्वतःची प्रणालीही उभारली आहे. खोल समुद्रातील नौकेला यंत्राखेरीज आज गत्यंतर नाही, हे आम्ही निःशंक मान्य करतो. परंतु यंत्र ठिकाण सांगते, ते नकाशावरचे. पावसाळ्यात वाळूचा दांडा कोठे सरकला, काल रात्री धक्क्याला कोणती बोट आडवी लागली, हे नकाशाला ठाऊक नसते. यंत्राची बॅटरी संपते, पडदा भिजतो, संदेश हेतुपुरस्सर बिघडविताही येतात. जगातील युद्धग्रस्त समुद्रांत हे अलीकडे वारंवार घडले आहे. म्हणूनच दोन स्वतंत्र साधनांनी एकमेकांची साक्ष काढावी, हा नौकानयनाचा जुना दंडक आजही टिकून आहे. ज्या राष्ट्रांनी उपग्रह सोडले त्यांनी आपले धक्क्यांवरचे दिवे काढून टाकलेले नाहीत. दीपगृहे व सागरी साधने यांविषयीची जागतिक संघटना २०२४ मध्ये सरकारांच्या अधिकृत संघटनेच्या पदाला पोहोचली, ती काही वस्तुसंग्रहालये सांभाळण्यासाठी नव्हे.

आणखीही एक गोष्ट आहे. यंत्र ज्याच्याकडे आहे त्यालाच ते वाट दाखविते. दिवा ज्याला डोळे आहेत त्या सर्वांना दाखवितो. तो जहाजाचा ध्वज विचारीत नाही, मालकाची ऐपत विचारीत नाही, होडीत बसलेल्याची जात वा भाषा विचारीत नाही. सार्वजनिक या शब्दाचा याहून शुद्ध अर्थ आम्हांस तरी माहीत नाही. जी सेवा सर्वांना सारखी मिळते ती कोणाच्याच मालकीची नसल्यामुळे हळूहळू कोणाच्याच काळजीची राहत नाही, हा आपल्या सार्वजनिक जीवनाचा जुना रोग आहे. गावची विहीर, शाळेची भिंत, धर्मशाळेची पायरी यांची जी दशा आपण केली तीच धक्क्यावरच्या दिव्याची होऊ नये, एवढ्यासाठी हा प्रपंच.

मग करावे काय? आमच्या सूचना खर्चाच्या नाहीत. पहिली अशी, की किनाऱ्यावरील व नद्यांच्या मुखांतील प्रत्येक धक्का, बांध आणि जेटी यांवरील दिव्यांची एक यादी राज्य सरकारने दरवर्षी मराठीत व कोकणीत प्रसिद्ध करावी: दिवा कोठे आहे, त्याचा रंग कोणता, लय कोणती, आणि तो कोणत्या खात्याचा. दुसरी, प्रत्येक दिव्याच्या खांबावर जबाबदार अधिकाऱ्याचे पद आणि दूरध्वनी क्रमांक ठळक अक्षरांत लिहावा. तिसरी, दिवा बंद पडल्याची सूचना मच्छीमार सहकारी संस्थांमार्फत स्वीकारावी, आणि तो पुन्हा लागेपर्यंत धोक्याची सूचना आकाशवाणीवरून व मोबाईलवरून त्या संस्थांना कळवावी. चौथी, दीपगृहांच्या पर्यटनातून येणाऱ्या उत्पन्नाचा एक निश्चित हिस्सा त्याच किनाऱ्यावरील लहान दिव्यांच्या देखभालीला बांधून द्यावा, आणि ही देखभाल शक्य तेथे धक्क्यावरच्याच तरुणांकडे सोपवावी. उंच मनोऱ्याने ठेंगण्या दिव्याला पोसावे, यात अन्याय काहीच नाही.

हरकत अशी निघेल, की खात्यांची हद्द ठरविणे किचकट काम आहे, त्यासाठी समिती नेमावी लागेल. समित्यांचे आम्हांस वावडे नाही. पण विझलेला दिवा अहवालाची वाट पाहू शकतो, अंधारात धक्का शोधणारी होडी पाहू शकत नाही. हद्दीचा वाद मिटेपर्यंत बंदर कप्तानांनी दिवा आधी लावावा आणि खर्चाचा हिशोब ज्याचा त्याच्याकडून मागाहून घ्यावा, एवढा अधिकार एका साध्या आदेशाने त्यांना देता येईल. आग्वादची जहाजनौका बारा वर्षे वाळूत राहिली, ती जबाबदारीच्या वादामुळे. त्या बारा वर्षांतून एवढा तरी धडा घेतला गेला पाहिजे.

१ जून ते ३१ जुलै हे एकसष्ट दिवस गोव्यात यांत्रिक मासेमारी बंद असते. जाळी विणली जातात, तळांना डांबर लागते, इंजिने उघडून साफ होतात. मग नारळी पौर्णिमेच्या सुमारास सागराला नारळ देऊन नौका पुन्हा पाण्यात लोटल्या जातात. खारवी आपली तयारी या दोन महिन्यांत पुरी करतो. सरकारनेही आपली करावी. प्रत्येक धक्क्यावरचा दिवा तपासून, काच पुसून, तो लागतो की नाही हे रात्री स्वतः पाण्यात जाऊन पाहून, अधिकाऱ्यांनी ३१ जुलैच्या आत तसा दाखला जाहीर करावा. पहिली होडी किनारा सोडण्यापूर्वी तिच्या परतीचा दिवा लागलेला असणे, एवढीच आमची मागणी आहे.